शाळेचं वळण: एकच शिक्षक एका शाळेत फुलतो आणि दुसरीत का कोमेजतो?

बदल्यांची यादी लागली की पुढच्या वर्षभरात मला एक गोष्ट दरवेळी दिसायची. आधीच्या शाळेत ज्या गुरुजींबद्दल "त्यांच्याकडून काही होत नाही" असं सगळे म्हणायचे, ते नव्या शाळेत दिवाळीपर्यंत मुलांकडून स्वतःच्या गोष्टी लिहून घेऊ लागायचे. उलटही घडायचं. ज्या बाईंना निरोप देताना आख्खं गाव शाळेत जमलं होतं, त्या नव्या शाळेत वर्षभरात गप्प व्हायच्या. फळ्यावर लिहायचं, वह्या तपासायच्या, घंटा झाली की पर्स उचलायची. माणूस तोच, पदवी तीच, पगार तोच, घेतलेली प्रशिक्षणंही तीच. बदललेली असायची ती फक्त शाळा.

मी आधी शिक्षिका होते, मग मुख्याध्यापिका झाले आणि नोकरीची शेवटची वर्षं केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटावर (त्याला "केंद्र" म्हणतात) देखरेख करण्यात काढली. या एका कोड्याने मला शेवटपर्यंत सोडलं नाही. अभ्यासक याला "संघटनात्मक संस्कृती" म्हणतात. शब्द जड आहे, पण आपल्याकडे त्याला फार जुना आणि नेमका शब्द आहे: वळण. "त्या शाळेचं वळणच तसं आहे" असं आपण म्हणतो, तेव्हा तिथे नव्याने आलेला माणूस चार-सहा महिन्यांत कसा वागू लागेल हेच आपण सांगत असतो.

शिक्षकाच्या कामगिरीची चर्चा निघाली की आपण लगेच व्यक्तीकडे बोट दाखवतो. हा हुशार, तो आळशी, ही तळमळीची. व्यक्ती महत्त्वाची असतेच. पण वर्गात चांगलं शिकवणं ही जन्मजात देणगी नाही. ती रोज थोडी थोडी सुधारणारी गोष्ट आहे, आणि ती सुधारेल की जिथल्या तिथे राहील हे शाळेचं वळण ठरवतं. एवढंच मला या लेखात समजावून सांगायचं आहे.

रंगवलेली फरशी

अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात शिकवलेले एडगर शाइन यांनी कोणत्याही संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले आहेत. वरचा थर डोळ्यांना दिसतो. शाळेत तो म्हणजे बोलक्या भिंती, परिपाठ, फलक, सभेचं इतिवृत्त. मधला थर म्हणजे संस्था स्वतःबद्दल जे सांगते ते: दारावरचं ब्रीदवाक्य, पालक सभेतलं भाषण. सगळ्यात खालचा थर कुणी लिहीत नाही आणि बोलूनही दाखवत नाही, तो सगळ्यांनी गृहीत धरलेला असतो. माणसं वागतात ती या खालच्या थराप्रमाणे.

"प्रत्येक मूल शिकू शकतं" हे वाक्य मी किती भिंतींवर वाचलं असेल याचा हिशेब नाही. असं वाक्य लिहिलेल्या एका शाळेत मी मार्चअखेर गेले होते. साखर कारखान्यावरून आई-बापांबरोबर परतलेली चार मुलं वर्गात मागे भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, "ही मुलं कुठपर्यंत आलीत?" उत्तर आलं, "मॅडम, ती ऊसतोडीची मुलं आहेत." माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं, पण त्या शाळेने काय गृहीत धरलंय ते सगळं त्यात होतं. ते शिक्षक दुष्ट नव्हते. याच मुलांना ते स्वतःच्या पैशाने वह्या द्यायचे. फक्त ही मुलं शिकतील असं त्या शाळेत कुणालाच वाटत नव्हतं, त्यामुळे त्यांना शिकवायचा प्रयत्न करणारा माणूसच तिथे वेगळा पडला असता.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९९३ साली हेच दाखवलं होतं. "आपण सगळे मिळून या मुलांना शिकवू शकतो" असा सामूहिक विश्वास ज्या शाळेतल्या शिक्षकांमध्ये असतो, तिथे मुलांची प्रगती जास्त दिसते. एकेकट्या शिक्षकाचा आत्मविश्वास ही वेगळी गोष्ट. इथे मुद्दा स्टाफरूममध्ये सगळे मिळून काय मानतात याचा आहे.

हे थर महाराष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवले ते कुमठे बीटच्या निमित्ताने. सातारा जिल्ह्यातल्या या बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं. मुलं गटात बसून साहित्य हाताळत शिकत होती, एकमेकांना शिकवत होती. २२ जून २०१५ रोजी "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र" या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, आणि त्या काळात राज्यभरातून शिक्षक कुमठ्याच्या शाळा बघायला जाऊ लागले. आमच्या भागातूनही गाडी करून गेले. परत आल्यावर बहुतेकांनी पहिलं काम केलं ते वर्गाची फरशी रंगवण्याचं. संख्यारेषा, बाराखडीची चक्रं, शब्दांच्या चौकटी. लोकवर्गणी काढली, पेंटर बोलावले, सुट्टीच्या दिवशी स्वतः गुडघ्यावर बसून रंगकाम केलं. त्या मेहनतीबद्दल मला आजही आदर आहे.

पण पुढच्या वर्षी काही शाळांत त्या फरशीवर सतरंजी अंथरलेली दिसली, आणि मुलं रांगेत बसून फळ्यावरचं उतरवून घेत होती. रंग म्हणजे वरचा थर. तो एका रविवारी उचलून आणता येतो. शिक्षक आणि अधिकारी एकत्र बसून मुलाच्या चुकीबद्दल बोलतात, मुलाला वेळ लागला तर थांबतात, जमलं नाही ते एकमेकांना सांगतात, हा खालचा थर गाडीत घालून आणता येत नाही. ज्या शाळांमध्ये आधीपासून अशी बोलण्याची सवय होती, तिथे फरशी खरोखर वापरात आली आणि मुलांच्या पायांनी तिचा रंग झिजला.

बावन्न वजा सत्तावीस

हा खालचा थर कसा दिसतो ते एका वहीवरून सांगते.

मी मुख्याध्यापिका असताना आमची पाच शिक्षकांची शाळा होती. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिसरीच्या बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. एकतीस मुलं, त्यातल्या चौदा जणांनी ५२ वजा २७ याचं उत्तर ३५ लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "हातच्याची वजाबाकी मी तीनदा घेतली. मला कळतच नाहीये कुठं चुकतंय."

कुणीतरी म्हणालं, सराव कमी पडला असेल. दुसऱ्याने घरी अभ्यास घेत नसल्याचं सांगितलं. मग दुसरीचे सर वही हातात घेऊन थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, हे तुमचं नाही. हे माझं आहे. मी गेल्या वर्षी दुसरीत सांगितलं होतं, नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं."

सगळे वहीवर वाकले. मुलांनी खरोखर तेच केलं होतं. एककाच्या घरात २ आणि ७. मोठे ७, लहान २, फरक ५. दशकात ५ आणि २, फरक ३. उत्तर ३५. मुलं निष्काळजी नव्हती. शिकवलेला नियम ती इमानाने पाळत होती. असा सराव आणखी शंभर गणितांचा दिला असता, तर तो चुकीचा नियम आणखी पक्का झाला असता.

मग बोलणं सुरू झालं. पहिलीच्या बाईंनी सुचवलं की कागदावर न जाता पैशांवर या, आपली मुलं दुकानात जातात. दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपये सुट्टे. यातून सत्तावीस रुपये द्यायचे. दोन नोटा दिल्या, आता सात रुपये सुट्टे हवेत आणि हातात दोनच आहेत. काय कराल? मुलं ओरडतात, "नोट मोडायची!" नोट मोडणं म्हणजेच हातचा घेणं. पुढच्या सोमवारी दुसरीचे सर तो तास बघायला तिसरीच्या वर्गात मागे बसले. तेवढा वेळ त्यांची मुलं मी सांभाळली. चार दिवसांत चौदापैकी अकरा मुलांचं गाडं मार्गी लागलं. उरलेल्या तिघांची अडचण वेगळीच निघाली. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन एकक, हेच त्यांना पक्कं नव्हतं. त्यांच्यासाठी काड्यांचे गठ्ठे काढावे लागले.

या प्रसंगात गणिताची युक्ती चांगली आहे, पण मी तो सांगितला सरांच्या "हे माझं आहे" या तीन शब्दांसाठी. हे शब्द सगळ्या शाळांमध्ये बोलता येत नाहीत. आमच्याकडेही आधी येत नव्हते. शनिवारी पाऊण तास बसायचं, प्रत्येकाने मुलांच्या वह्या आणायच्या, असं आम्ही ठरवलं तेव्हा पहिले तीन महिने सगळ्यांनी सुंदर अक्षराच्या, सगळं बरोबर असलेल्या वह्या आणल्या. मुख्याध्यापिकेसमोर चुकीची वही कोण आणणार? मग मी माझ्या पाचवीच्या वह्या आणल्या. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. माझ्या निम्म्या वर्गाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला होता. मी म्हटलं, मला यातून मार्ग सांगा. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. आणखी एक गोष्ट मी शब्द देऊन पाळली: इथलं बोलणं कुणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही.

हार्वर्डमधल्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास केला होता. चांगल्या चमूंकडून चुका कमी होत असतील असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात ज्या चमूंमध्ये संबंध चांगले होते, तिथे नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या. कारण तिथली माणसं चुका लपवत नव्हती. बोलण्याची भीती नसणं याला त्यांनी "मानसिक सुरक्षितता" म्हटलं. शाळेत ही सुरक्षितता आणखी गरजेची आहे, कारण शिक्षकाची चूक लगेच दिसत नाही. ती दोन वर्षांनी, दुसऱ्याच शिक्षकाच्या वर्गात, दुसऱ्याच धड्यात उगवते.

अंड्यांचा ट्रे

शिक्षकी पेशाचा मूळ स्वभावच एकांड्या कामाचा आहे. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शाळेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली. प्रत्येक अंडं आपापल्या खळग्यात, शेजारच्याला धक्का न लागेल असं ठेवलेलं. शिक्षक आपल्या वर्गात जातो, दार लोटून घेतो आणि पुढची तीस वर्षं दुसरं मोठं माणूस त्याला शिकवताना फारसं बघत नाही. बघतो तो तपासणीला आलेला अधिकारी, आणि त्या दिवशीचा पाठ खास त्याच्यासाठी बसवलेला असतो. शिंपी, गवंडी, स्वयंपाकी, गवई हे सगळे दुसऱ्याच्या हाताकडे बघत शिकतात. शिक्षकाला ती सोयच नाही, जोवर शाळा ती मुद्दाम करून देत नाही.

ही सोय केली तर किती फरक पडतो हे मोजलं गेलं आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पॅपे यांनी हजारो शिक्षकांची माहिती अनेक वर्षं तपासून २०१४ साली निष्कर्ष मांडले. शाळेतली शिस्त, सहकाऱ्यांचं सहकार्य, मुख्याध्यापकाचं नेतृत्व, प्रशिक्षणाची सोय, परस्परविश्वास आणि कामाचं न्याय्य मूल्यमापन या गोष्टींवरून त्यांनी शाळांचं वातावरण ठरवलं. वातावरणाच्या क्रमाने शंभर शाळा ओळीने उभ्या केल्या, तर वरच्या बाजूच्या, म्हणजे पंचाहत्तराव्या जागेवरच्या शाळेतल्या शिक्षकांची दहा वर्षांतली सुधारणा पंचविसाव्या जागेवरच्या शाळेतल्या शिक्षकांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. सुरुवातीला दोघंही सारखेच नवखे. अनुभवाची वर्षंही सारखीच. पण एका शाळेत वर्षं नुसती जमा होत गेली आणि दुसऱ्या शाळेत त्यांचा खरोखर अनुभव झाला.

टेनेसी राज्यातला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला जवळजवळ काही खर्च नव्हता. शाळेतल्याच दोन शिक्षकांची जोडी लावायची. एखाद्या कौशल्यात, समजा प्रश्न विचारण्यात, एक जण पक्का आणि दुसरा कच्चा. दोघांनी वर्षभर एकमेकांचे वर्ग बघायचे, बोलायचं. कच्च्या शिक्षकाच्या वर्गातल्या मुलांचे गुण वाढले, आणि जोडी संपल्यावर पुढच्या वर्षीही तो परिणाम टिकला. बाहेरून तज्ज्ञ आणावा लागला नाही. तो शेजारच्या वर्गातच होता.

जपानमध्ये तर हे शंभराहून अधिक वर्षं चालत आलेलं वळण आहे. जुग्यो केंक्यू, म्हणजे पाठाचा अभ्यास. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ बारकाईने आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात. नंतरच्या चर्चेचा रोख शिकवणाऱ्यावर नसतो, पाठावर असतो. पाठ सगळ्यांनी मिळून केलेला असतो, त्यामुळे फसला तर तो सगळ्यांचा फसतो. "तुमचं इथं चुकलं" याऐवजी "आपल्याला वाटलं होतं मुलं असं करतील, पण त्यांनी तसं केलं" असं बोललं जातं. वाक्यातला कर्ता बदलला की माणूस ऐकायला तयार होतो.

लाल शाई

वळण लावण्यात मुख्याध्यापकाचा वाटा सगळ्यात मोठा असतो, आणि तो भाषणातून लागत नाही. मुख्याध्यापक कशाकडे बघतो, त्यावरून शिक्षक ओळखतात की इथे कशाला किंमत आहे.

माझ्या नोकरीच्या अगदी पहिल्या वर्षी मुख्याध्यापक रोज सकाळी सगळ्यांचं टाचण, म्हणजे त्या दिवशीच्या पाठाची लेखी आखणी, तपासायचे. लाल शाईने सही, तारीख, आणि मुद्दा राहिला असेल तर गोल. मी कविता घेणार होते त्या दिवशी पाऊस आला, मुलं खिडकीशी धावली, आणि मी पुस्तक मिटून त्यांना पावसाचे आवाज ऐकायला लावले. पत्र्यावरचा, पानांवरचा, डबक्यातला. मुलांनी पंचवीसेक शब्द काढले, त्यातले काही मी आयुष्यात ऐकले नव्हते. संध्याकाळी वहीत लाल शेरा मिळाला: टाचणाप्रमाणे अध्यापन नाही. मुलं काय बोलली हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी टाचणाबाहेर गेले नाही. मला कुणी बजावलं नव्हतं, मी स्वतःच आखडते घेऊ लागले. वळण असंच लागतं.

पाठ बघून मुख्याध्यापक शेरे लिहितो ते लॉगबुक तेच, नियम तेच, पण ते भरणारा माणूस वर्गात मागच्या मुलांमध्ये बसून "आज तिसऱ्या रांगेतली मुलगी तुम्ही प्रश्न विचारल्यावर दोनदा हात वर करून खाली घेत होती" असं लिहीत असेल, तर शिक्षक दुसऱ्या दिवशी त्या मुलीकडे आधी बघतो. बघितलेली गोष्ट नेमकी सांगणं हा फार मोठा आधार आहे. "छान पाठ" या शेऱ्याने बरं वाटतं, पण त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही.

आणि माणूस म्हणून सांभाळणंही त्यातच येतं. शिकागो शहरातल्या शाळांचा दीर्घ अभ्यास करणारे अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी शाळेतला विश्वास चार गोष्टींवर उभा राहतो असं म्हटलं: एकमेकांचा आदर, कामातली जाण, आपुलकी आणि बोलण्याप्रमाणे वागणं. त्यांच्या अभ्यासात ज्या शाळांमध्ये विश्वास भक्कम होता, त्यांची सुधारण्याची शक्यता दोनात एक होती. ज्या शाळांमध्ये तो सतत कमकुवत राहिला, तिथे ती सातात एक होती. सासूबाई दवाखान्यात असताना किरकोळ रजेसाठी बाईंना चार वेळा विनवावं लागलं, तर त्या शाळेत पुढे कितीही चांगला उपक्रम आला तरी त्या त्यात जीव ओतणार नाहीत. हा हिशेब कुणी बोलत नाही, पण सगळे ठेवतात.

भारतातल्या सरकारी प्राथमिक शाळांना आधी न कळवता भेटी देऊन केलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. देशभरात सरासरी २५ टक्के शिक्षक गैरहजर सापडले होते. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, सुमारे १५ टक्के होतं. त्यात एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट होती. जास्त पगाराचे शिक्षक कमी गैरहजर असतात असं काही दिसलं नाही. पण जिथे शाळेची इमारत आणि सोयी बऱ्या होत्या, जिथे अधिकाऱ्यांची भेट अलीकडे होऊन गेली होती, तिथे हजेरी चांगली होती. कुणीतरी येतं, बघतं, आणि आपण जिथे काम करतो ती जागा धड आहे, एवढ्यानेही फरक पडतो.

गोडीगुलाबी म्हणजे वळण नव्हे

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्टाफमध्ये भांडण नाही, वाढदिवसाला केक येतो, श्रावणात एकत्र सहल जाते, म्हणजे शाळेची संस्कृती चांगली, असं अनेकांना वाटतं. मी अशा शाळा बघितल्या आहेत जिथे सगळे एकमेकांवर जीव टाकत होते आणि चौथीतल्या मुलांना जोडाक्षरं वाचता येत नव्हती. तिथला एकोपा "तू माझ्या वर्गात डोकावू नको, मी तुझ्या डोकावणार नाही" या न बोललेल्या करारावर उभा होता. आपुलकी हवीच, पण तिच्या जोडीला कामाची अपेक्षाही हवी. दोन्ही असतील तरच एकमेकांना खरं सांगता येतं.

दुसरं टोक म्हणजे वरून लादलेलं सहकार्य. अँडी हार्ग्रीव्ह्स यांनी त्याला "बनावट सहकार्य" म्हटलं आहे. आमची शिक्षण परिषद हे त्याचं जवळचं उदाहरण. कल्पना फार सुंदर आहे: केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र यायचं, नमुना पाठ बघायचा, अडचणी मांडायच्या. पण विषयपत्रिका वरून येते, फोटो काढून टाकायचे असतात, आणि दुपारनंतर सगळा वेळ माहितीच्या तक्त्यांत जातो. मीही अशा परिषदा घेतल्या आहेत. नंतर मी एक बदल केला, विषय शिक्षकांकडून मागवायला सुरुवात केली. पहिल्याच वेळी चार शाळांनी एकच विषय पाठवला: पाचवीत आलेलं पण वाचता न येणारं मूल. त्या दिवशी जेवणाची वेळ टळून गेली तरी चर्चा थांबली नाही.

जिथे स्टाफरूमच नाही

आपल्या राज्यात दोन शिक्षकी शाळा खूप आहेत. दोन शिक्षक, चार इयत्ता, आणि त्यातला एक तालुक्याला मीटिंगला. अशा ठिकाणी शाळेची संस्कृती म्हणजे त्या दोघांचं नातं. ते जमलं तर शाळा सोन्यासारखी, नाही जमलं तर एका छताखाली दोन शाळा. म्हणून छोट्या शाळांसाठी केंद्र हीच खरी शाळा मानायला हवी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा संकुलाची, म्हणजे जवळच्या शाळा एकत्र जोडण्याची, कल्पना आहे, शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत असंही त्यात म्हटलं आहे. हे तास कुठे खर्च होतात यावर सगळं अवलंबून आहे. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून प्रमाणपत्र मिळवण्यात गेले, तर ते वाया गेले. चार शेजारच्या शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग बघण्यात गेले, तर त्यातून वळण लागेल.

वेळेचा प्रश्न खरा आहे, तो टाळून संस्कृतीवर बोलणं शिक्षकांवर अन्याय होईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी साडेदहाला "माहिती बारा वाजेपर्यंत सादर करावी, प्रथम प्राधान्य" असा मेसेज येतो आणि वर्गातला माणूस फोन घेऊन बाहेर येतो. त्या एका मेसेजमधून वरच्या कार्यालयाने नकळत सांगितलेलं असतं की मुलांपेक्षा तक्ता महत्त्वाचा. आमच्या केंद्रात मी दोनच गोष्टी करू शकले. शाळेच्या वेळेत ग्रुपवर काही टाकायचं नाही, आणि जी माहिती माझ्याकडे आधीच आहे ती शाळांकडे पुन्हा मागायची नाही. दुसरी गोष्ट पाळायला मला रात्री जागावं लागलं. पण शिक्षकांचा माझ्यावरचा विश्वास वाढला तो याच गोष्टीने, माझ्या कुठल्याही मार्गदर्शनाने नव्हे.

माणसं गेली की

जिल्हा परिषदेच्या शाळांचं एक दुखणं म्हणजे बदल्या. पाच माणसांनी मिळून जे वळण बसवलं, त्यातली तीन एका यादीत गेली की ते विस्कटतं. यावर पूर्ण उपाय नाही. पण नवीन माणूस येतो तेव्हाचा पहिला आठवडा फार मोलाचा असतो. त्या आठवड्यात त्याला कोणता वर्ग मिळाला, कपाटाची किल्ली कुठे असते आणि सह्या कुठे करायच्या एवढंच सांगितलं जातं. आपण इथे काय मानतो हे कुणी सांगत नाही. ते त्याला चाचपडत शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा सगळ्यात नाराज सहकाऱ्याकडूनच ते आधी ऐकायला मिळतं.

आमच्या शाळेत शनिवारच्या बैठकीची एक दोनशे पानी वही होती. इतिवृत्ताची सरकारी वही वेगळी, ही वेगळी. प्रत्येक पानावर मुलाची चूक जशीच्या तशी उतरवलेली, खाली आम्हाला काय वाटलं, काय करून बघितलं, काय जमलं नाही. मी केंद्रप्रमुख होऊन गेले, तिसरीच्या बाई दुसऱ्या तालुक्यात गेल्या. काही वर्षांनी त्या शाळेत भेटीला गेले तेव्हा तिथे माझ्या ओळखीचं एकच माणूस उरलं होतं, दुसरीचे सर. त्यांच्या शेजारी नव्याने रुजू झालेल्या एक बाई बसल्या होत्या आणि ती वही उघडी होती. बावन्न वजा सत्तावीसच्या पानावर समासात निळ्या पेनने नवीन ओळ लिहिलेली होती: नोटांनी जमलं, पण शंभरची नोट मोडताना मुलं मधलं शून्य विसरतात, शनिवारी बघू.